जोशींचा वाढदिवस आणि स्वच्छ फ्लॉपी

मुरगावचा इतिहास म्हटला की बंदर, रेल्वे, खनिजाच्या बार्ज आणि वास्कोचा सप्ताह हे विषय आपसूक येतात. यंदा आम्ही एक वेगळा इतिहास निवडला आहे. घरच्या नि कचेरीच्या संगणकात शिरलेला व्हायरस हाताने कसा काढला जाई, त्याचा हा इतिहास. विषय रुक्ष वाटेल. पण त्यात एक जोशी आहेत, पुण्याचे दोन भाऊ आहेत, शेजारच्या राज्यातले एक बंदर आहे आणि आपली ही स्मरणिकाही आहे. शिवाय त्या काळी जो धडा आपण फ्लॉपीवर शिकलो, तो आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलला लागू पडतो.

उंबरठ्यावरचा पाहुणा

जुन्या संगणकाचे बटण दाबले की तो आधी स्वतःची तपासणी करी आणि मग फ्लॉपीचा किंवा हार्ड डिस्कचा अगदी पहिला कप्पा वाचून त्यात लिहिलेल्या आज्ञा पाळू लागे. हा कप्पा असे फक्त ५१२ बाइटचा, म्हणजे मराठी पोस्टकार्डावरच्या मजकुरापेक्षाही लहान. डॉस, विंडोज, आपले हिशेब, आपली पत्रे हे सारे त्यानंतर. या पहिल्या कप्प्यात जो बसेल तो घराच्या उंबरठ्यावर बसला. आत येणाजाणारा प्रत्येक जण त्याच्या नजरेखालून जाणार.

व्हायरस लिहिणाऱ्यांनी हीच जागा हेरली. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकावर पसरलेला पहिला व्हायरस मानला जातो. तो ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्यात शिरे आणि मूळ मजकूर दुसरीकडे हलवून ठेवी. त्याची खरी चलाखी पुढेच होती. तो जागा असताना कोणी पहिला कप्पा उघडून पाहू लागला, तर तो हलवून ठेवलेला मूळ मजकूर समोर धरी. पाहणाऱ्याला सारे ठीकठाक दिसे. चोरच दारावर रखवालदार म्हणून उभा आणि 'घरात कोणी नाही' असे तोच सांगतो, असा हा प्रकार होता.

५ जानेवारी

१९९० च्या जूनमध्ये भारतात एक व्हायरस नोंदवला गेला, त्याचे नाव 'जोशी'. तोवर तो देशात बराच पसरलेला होता. वर्षभर तो गुपचूप राही. ५ जानेवारीला मात्र संगणक सुरू केला की तो अडून बसे आणि पडद्यावर इंग्रजीत आज्ञा येई: 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप करा. तेवढे शब्द टाइप केले की स्वारी खूश होई आणि काम पुढे चाले. जोशी हे आडनाव काही आपल्याच मुलखापुरते नाही. ते गुजरातेत आहे, कुमाऊँत आहे. पण मराठी कचेऱ्यांत या प्रकाराने किती थट्टामस्करी झाली असेल याची कल्पना वाचकांनी करावी. ज्या कचेरीत खरोखरच कोणी जोशी होते, तिथे तर विचारूच नका.

थट्टा बाजूला ठेवली तर 'जोशी' फार चिवट होता. तो फ्लॉपीवर बसे तसाच हार्ड डिस्कच्या पहिल्या कप्प्यातही बसे. फ्लॉपीवर तो एक जादा पट्टा आखून घेई आणि आपले सामान तिथे ठेवी. आणि त्याचे सर्वांत त्रासदायक वैशिष्ट्य असे, की कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी तो मेमरीत टिकून राही. बसल्या जागी आपण 'रीस्टार्ट केले' असे समजायचो आणि जोशीबुवा जागचे हलतच नसत.

म्हणून त्या काळच्या जाणत्या दुरुस्तीवाल्याचे पहिले काम ठरलेले असे. तो मुख्य स्विच बंद करी, दहा-पंधरा सेकंद थांबे, आणि मग आपल्या पिशवीतून एक फ्लॉपी काढी. ही फ्लॉपी खात्रीच्या, निर्लेप संगणकावर तयार केलेली असे. सव्वापाच इंची असेल तर तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली असे; साडेतीन इंची असेल तर कोपऱ्यातली सरकपट्टी उघडी ठेवलेली असे. म्हणजे तिच्यावर कोणालाही काही लिहिता येत नसे, व्हायरसलाही नाही. संगणक या फ्लॉपीवरून सुरू करायचा आणि मगच हार्ड डिस्ककडे पाहायचे.

सगळ्या विद्येचे मर्म यातच आहे. लागण झालेल्या यंत्रालाच 'तू स्वच्छ आहेस का?' असे विचारून चालत नाही. उत्तर देणारा तोच असतो. तपासणी नेहमी बाहेरून, ज्याच्यावर आपला भरवसा आहे अशा ठिकाणावरून सुरू करावी लागते.

औषध आणि अपाय

निदानाच्या साध्या खुणाही असत. ६४० किलोबाइट मेमरीच्या संगणकावर 'चेकडिस्क' ही आज्ञा दिली की एकूण मेमरी ६,५५,३६० बाइट दिसायला हवी. आकडा त्याहून कमी आला तर कोणीतरी वरच्या टोकाला जागा अडवून बसले आहे असा संशय घ्यायचा. 'जोशी' अशी सुमारे सहा किलोबाइट जागा खाई. पुढे डॉसची पाचवी आवृत्ती आली आणि 'एफडिस्क'च्या एका फारशा जाहीर न केलेल्या पर्यायाने हार्ड डिस्कच्या पहिल्या कप्प्यातील आज्ञा नव्याने लिहिता येऊ लागल्या. त्याच कप्प्यात डिस्कच्या वाटण्यांचा ६४ बाइटचा तक्ता असतो. तो मात्र तसाच राही. एका ओळीत 'जोशी' जाई, 'स्टोन्ड' जाई, त्याचाच वंशज 'मायकेलँजेलो'ही जाई.

पण हेच औषध दुसऱ्या दुखण्यात घातक होते. १९९२ च्या सुमारास कॅनडात आढळलेला 'मंकी' हा व्हायरस वाटण्यांचा तक्ताच उचलून, सांकेतिक रूपात दुसरीकडे ठेवी. स्वच्छ फ्लॉपीवरून सुरुवात केली की हार्ड डिस्क दिसेनाशीच होई, आणि घाईने वरील आज्ञा दिली तर तक्ता परत मिळण्याची सोपी वाट बंद होई. म्हणून शहाणा माणूस आधी त्या कप्प्याची प्रत दुसऱ्या फ्लॉपीवर काढून ठेवी, मगच हात घाली. आणि शेवटी घरातली, कचेरीतली प्रत्येक फ्लॉपी तपासून घेई. टेबलाच्या खणात एक जरी राहिली, तरी पाहुणा महिन्याभरात परत.

आपल्या भागात संगणक प्रथम दिसले ते शिपिंग एजंटांच्या, खनिज निर्यातदारांच्या, कारखान्यांच्या नि बँकांच्या कचेऱ्यांत. डिचोलीकडचे खनिज बार्जने मुरगावला येई. त्याच्या कागदपत्रांच्या जोडीला हळूहळू फ्लॉप्याही फिरू लागल्या. व्हायरसला तेव्हा इंटरनेटची गरजच नव्हती. तो माणसांच्या हातून, शर्टाच्या खिशातून, पेडण्याच्या नि डिचोलीच्या बसमधून प्रवास करी.

कॅल्क्युलेटरच्या दुकानातून

६ मार्च १९९२ हा 'मायकेलँजेलो' जागा होण्याचा दिवस. त्या दिवशी तो हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भाग निरर्थक मजकुराने भरून टाकणार होता. लाखो संगणक बंद पडतील अशी भाकिते जगभरच्या वर्तमानपत्रांत आली. प्रत्यक्षात नुकसान काही हजारांवर थांबले. अनेकांनी तर आदल्या दिवशी संगणकातली तारीखच ५ वरून ७ मार्च करून टाकली होती! पण त्या धास्तीने 'अँटिव्हायरस' हा शब्द सामान्य माणसाच्या तोंडी आला.

त्याच काळात पुण्यात कैलाश काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातील गृहस्थ कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून संगणक दुरुस्तीकडे वळले होते. दुरुस्तीला येणारी यंत्रे पुन्हापुन्हा व्हायरसनेच आजारी असत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी एकेका व्हायरससाठी छोटे छोटे प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. त्यातूनच १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' बाजारात आले. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात नोंदली गेली.

ही कथा उद्योजकतेची म्हणून नेहमी सांगितली जाते, पण आम्हांला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. अँटिव्हायरस म्हणजे दुरुस्तीवाल्याच्या हातातले ज्ञान लिहून काढलेले रूप. अमुक व्हायरसची खूण अमुक, तो मूळ मजकूर अमुक जागी ठेवतो, तो उचलून परत पहिल्या कप्प्यात आणायचा, असे एकेक टिपण यादीत जमा होत जाते. यादीत नाव असेल तोवर हे काम क्षणात होते. नाव नसेल तर पुन्हा माणसालाच बसावे लागते.

२६ एप्रिल १९९९ ला हे दिसून आले. तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेला 'सीआयएच' ऊर्फ 'चेर्नोबिल' त्या दिवशी जागा झाला आणि भारतातही अनेक संगणक एका दिवसात बंद पडले. त्याने हार्ड डिस्कचा पहिला एक मेगाबाइट शून्यांनी भरला आणि जमेल तिथे मुख्य बोर्डावरच्या चिपमधला मजकूरही पुसला. चिप पुसली गेली की संगणक सुरूच होत नसे. मग ती काढून बाहेर पुन्हा लिहून घ्यावी लागे. डिस्कच्या बाबतीत मात्र काहींचे नशीब थोर. मोठ्या वाटण्यांत फायलींच्या पत्त्यांची दुसरी नक्कल त्या पहिल्या मेगाबाइटच्या पलीकडे असे, आणि ती वापरून जाणकारांनी अनेकांची माहिती परत मिळवली. ज्यांनी घाबरून लगेच 'फॉरमॅट मारले', त्यांचे मात्र जे वाचण्यासारखे होते तेही गेले.

पेन ड्राइव्ह आणि स्मरणिका

२००० नंतर चित्र बदलले. सायबरएज योजनेतून गोव्यातील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचले. वास्कोत सायबर कॅफे निघाले. बोटीवर काम करणाऱ्या तारवट्यांच्या घरची माणसे तिथे ईमेल पाहायला बसू लागली. फ्लॉपीची जागा पेन ड्राइव्हने घेतली. पेन ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू व्हावा म्हणून विंडोजमध्ये 'ऑटोरन' नावाची सोय होती. पाहुण्यासाठी दार सताड उघडेच!

आमच्या स्मरणिकेलाही याचा प्रसाद मिळाला. एका वर्षी चवथ जेमतेम दहा दिवसांवर आलेली असताना पेन ड्राइव्हवरचे लेखांचे फोल्डर उघडेनात. त्यात मंडळाच्या एका दिवंगत ज्येष्ठ सभासदांच्या आठवणी होत्या. त्यांचे हस्तलिखित कुठे उरले नव्हते. टंकलेखन केलेली तीच एक प्रत. कोणी म्हणाले, फॉरमॅट मारून टाका, लेख पुन्हा मागवू. पण गेलेल्या माणसाकडून लेख कसा मागवणार?

आमच्यातल्या एका तरुण सभासदाने फोल्डरांची यादी नीट पाहिली. प्रत्येक 'फोल्डर' एकाच आकाराचा होता, आणि प्रकाराच्या रकान्यात 'ॲप्लिकेशन' लिहिलेले होते. म्हणजे ते फोल्डर नव्हतेच. फोल्डरचे चित्र लावून बसलेले व्हायरसचे प्रोग्राम होते. खरे फोल्डर त्याने लपवून ठेवले होते. संगणकावर टास्क मॅनेजर उघडत नव्हता, रजिस्ट्रीही उघडत नव्हती. रखवालदाराने दोन्ही खिडक्या बंद केल्या होत्या. तेव्हा त्या मुलाने उबुंटू लिनक्सची सीडी लावून संगणक सुरू केला. त्या काळी ही सीडी मागितली की टपालाने फुकट घरी येई. लिनक्सवर विंडोजचा व्हायरस जागाच होत नाही, त्यामुळे लपवलेले सारे समोर दिसले. त्याने आधी लेखांची नक्कल दुसरीकडे काढली. मग 'ऑटोरन'ची फाइल आणि खोटे फोल्डर पुसले. मग हार्ड डिस्कवरची व्हायरसची मूळ फाइल शोधून हटवली. शेवटी विंडोज सुरू करून, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीतून तिचे नाव काढले आणि 'ॲट्रिब' या आज्ञेने खऱ्या फोल्डरांवरचे 'लपलेले' नि 'सिस्टीमचे' हे शिक्के उतरवले. आठवणी त्या वर्षीच्या अंकात छापून आल्या.

ती सीडी म्हणजे नव्या काळची स्वच्छ फ्लॉपीच होती. यंत्र बदलले, युक्ती तीच राहिली. पुढे विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हची ऑटोरन सोय बंद झाली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठीही तशी दुरुस्ती सर्वांना धाडली. त्या जातीच्या व्हायरसांचा जोर तेव्हापासून ओसरला.

बंदरे बंद पडतात तेव्हा

आपण बंदराच्या गावची माणसे, म्हणून पुढील घटना आपल्याला अधिक कळेल. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा व्हायरस युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून सुटला आणि काही तासांत जगभर गेला. मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे कोसळले आणि तिच्या समूहाकडे असलेले मुंबईजवळच्या जेएनपीटीतील कंटेनर टर्मिनलही अडले. बोटी, क्रेन, ट्रक सारे जागेवर; पण कोणता कंटेनर कोणाचा, हे सांगणारे यंत्र मुके.

मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. हे शक्य झाले ते एका योगायोगाने. कंपनीच्या जाळ्यातील वापरकर्त्यांची नोंद ठेवणारे जगभरचे सारे सर्व्हर पुसले गेले होते. एकच वाचला होता, आफ्रिकेतील घाना देशातला. तिथे नेमकी वीज गेली होती, म्हणून तो त्या वेळी जाळ्याबाहेर होता! विजेच्या खात्यावर एरवी आपण बोटे मोडतो. पण त्या दिवशी गेलेल्या विजेने एक जागतिक कंपनी सावरली. यातून घ्यायचे ते इतकेच, की जी प्रत जाळ्याला जोडलेली नसते तीच संकटात कामी येते.

आता खिशातले यंत्र

२१ फेब्रुवारी २०१७ रोजी केंद्र सरकारने 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. तिथे संगणक नि मोबाइल साफ करण्याची साधने फुकट मिळतात. अँटिव्हायरसही आता विंडोजमध्येच येतो. मग हाताने व्हायरस काढण्याची ही जुनी विद्या कशाला आठवायची?

कारण पाहुण्याने आता माणसाच्याच उंबरठ्यावर बैठक मारली आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाची पावती म्हणून एक फाइल येते. ती खरे तर ॲप असते. ते बसवले की बँकेचे ओटीपी परस्पर दुसऱ्याच्या हाती जातात. किंवा पोलीस वा कस्टम अधिकारी म्हणवणारा माणूस व्हिडिओ कॉल करतो, 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगतो आणि कॉल बंद करू देत नाही. कॉल का बंद करू देत नाही? 'जोशी' मेमरीत टिकून राही त्याच कारणासाठी. तो चालू आहे तोवर आपल्याला दिसणारे, ऐकू येणारे सारे त्याच्याच हातचे. त्याने दिलेल्या क्रमांकावर खात्री करणे म्हणजे लागण झालेल्या संगणकालाच प्रकृती विचारणे. अशा वेळी आधी कॉल तोडायचा. मग दुसऱ्या फोनवरून, पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर बँकेला विचारायचे. पैसे गेलेच असतील तर उशीर न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवायचे.

मोबाइलमध्ये असे ॲप शिरल्याचा संशय आला तर क्रम जुनाच. आधी इंटरनेट बंद. दुसऱ्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार थांबवणे. मग सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी ॲपला दिलेल्या 'ॲक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस ॲडमिन' या परवानग्या काढणे, कारण त्या असेपर्यंत ते स्वतःला हटवू देत नाही. हटत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करून हटवणे. शेवटी ##००२# फिरवून कॉल दुसरीकडे वळवलेले असल्यास ते रद्द करणे.

चवथीला वास्को-सड्याहून आपल्यातले कितीतरी जण पेडण्याला, डिचोलीला आपल्या मूळ घरी जातात. माटोळी बांधून झाली, आरती झाली, दुपारची जेवणे झाली की घरातल्या एका तरुणाने आजी-आजोबांचा फोन घेऊन बसावे. त्यातल्या ॲपची यादी त्यांच्यासोबत वाचावी आणि 'हे काय?', 'हे कोणी बसवले?' असे विचारत जावे. त्याच बैठकीत जुन्या फोटोंची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून ती कपाटात, कशालाही न जोडता ठेवावी. या स्मरणिकेच्या मजकुराची अशी एक डिस्क आमच्या मंडळाच्या कपाटातही असते. तिच्यावर दरवर्षी विसर्जनानंतर नवी तारीख पडते.